घरच्या बुद्धवंदनेसाठी कोरीव लाकडी मंच करून घेताना

आमच्या नागपूरच्या घरात बुद्धमूर्तीसाठी कोरीव लाकडी मंच करून घ्यायचे ठरले, तेव्हा मला वाटले होते की हे काम महिन्याभरात आटोपेल. प्रत्यक्षात दोन प्रयत्न आणि जवळजवळ दीड वर्ष लागले. पहिला मंच आम्ही दुकानातून तयार घेतला होता. तो मुळात देव्हारा होता. त्यावरचा कळस दुकानदाराने आमच्यासमोर करवतीने कापून दिला आणि मागच्या फळीवरचा ॐ पटाशीने तासून काढला. त्या जागी राहिलेला खळगा पॉलिशखालूनही दिसत असे, आणि रोज सकाळी त्रिशरण म्हणताना माझी नजर नेमकी तिथेच जाई. दुसऱ्या वेळी आम्ही मंच वंदनेसाठीच, अगदी पहिल्या रेषेपासून आखून घेतला. जे घर पहिल्यांदाच असे काम करून घेत आहे, त्याला पहिल्या प्रयत्नाचा मनस्ताप होऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. सुताराशी बोलताना ‘देव्हारा’ किंवा ‘मंदिर’ हा शब्द वापरू नका. तो शब्द ऐकला की त्याचा हात सवयीने शिखर, कळस, घंटेचा हुक आणि दोन बाजूंच्या खांबांकडे वळतो. यात त्याची चूक नसते, कारण वर्षानुवर्षे त्याच्याकडे हेच मागितले गेलेले असते. ‘बुद्धवंदनेचा मंच’ असे म्हणा आणि सोबत चित्र द्या.

१. आधी वंदना कशी होते ते कागदावर लिहा

फर्निचरचे माप भिंतीवरून ठरवण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे ते वंदनेवरून ठरवावे. आपल्या घरी मंचावर काय काय असते, याची यादी करा: तथागतांची मूर्ती किंवा प्रतिमा, बाबासाहेबांची प्रतिमा, फुलांचे तबक, दोन किंवा अधिक मेणबत्त्या, अगरबत्तीचे घर, धम्मग्रंथ, वंदनेच्या पुस्तिका आणि काडेपेटी. पौर्णिमेला, १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला यात कशाची भर पडते तेही लिहा. आमच्याकडे वर्षावासात (पावसाळ्याच्या तीन महिन्यांत) रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, त्यामुळे ग्रंथासाठी वेगळा कप्पा लागणार हे यादी केल्यावरच लक्षात आले.

बाबासाहेबांची प्रतिमा तथागतांच्या शेजारी असावी की एक पायरी खाली, याबाबत घरोघरी वेगवेगळी रीत आहे. आपली रीत आराखडा काढण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावी, कारण मंचाची रुंदी आणि पायऱ्यांची संख्या त्यावरच अवलंबून असते. दिवंगत नातलगांच्या तसबिरी मात्र या मंचावर घेऊ नयेत, त्यांना वेगळी भिंत द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा ती सुरुवात झाली की मंचावर दाटी होते आणि मूर्तीसमोर फूल ठेवायलाही जागा उरत नाही.

२. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून उंची ठरवा

जमिनीवर मांडी घालून बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे साधारण २८ ते ३१ इंचांवर येतात. मूर्ती ठेवायची पायरी याच उंचीला असली, तर मूर्तीचा चेहरा नजरेच्या किंचित वर राहतो आणि मान न ताणता दर्शन होते. आमच्या आईचे गुडघे दुखतात, ती खुर्चीवर बसूनच वंदना करते. तिच्या नजरेसाठी आम्ही पायरी आणखी ४ इंच वर घेतली. घरात कोण कसे बसते ते पाहून आपणही असा मध्य काढा.

मंच पुढून मागे किती खोल असावा, याबाबत माझा अनुभव असा: मूर्तीच्या पायरीला १० ते १२ इंच आणि पुढच्या खालच्या पायरीला ८ ते १० इंच, म्हणजे एकूण दीड फुटाहून थोडी अधिक खोली पुरते. मंचासमोर किमान साडेतीन ते चार फूट मोकळी जमीन ठेवा, नाही तर पंचांग प्रणाम (गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकून) करताना पाय मागच्या सोफ्याला लागतात. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून मंचाचा पूर्ण आकाराचा नमुना करा आणि तो भिंतीवर आठवडाभर लावून ठेवा. हा उपाय फुकटचा आहे, आणि आमची रुंदी त्यामुळेच साडेचार फुटांवरून साडेतीन फुटांवर आली.

जागा निवडताना सुतार किंवा नातेवाईक दिशांचा आग्रह धरतील. मी भिंत निवडताना तीनच गोष्टी पाहिल्या: ओल नसणे, थेट ऊन न पडणे आणि पंख्याचा झोत मेणबत्तीवर न येणे.

३. नक्षी आपल्या लेण्यांतून घ्या

या पायरीवर थांबा, घाई करू नका. बाजारात मिळणाऱ्या नक्षीच्या पुस्तकांत बुद्धाशी संबंधित म्हणून जे दिसते ते बहुतेक परदेशी असते. तिबेटी पद्धतीच्या मंचावर रंगवलेले ड्रॅगन आणि हिमसिंह असतात आणि पाण्याच्या सात वाट्यांसाठी जागा असते. जपानी बुत्सुदान म्हणजे दारे असलेले कपाटच असते. त्या परंपरा आपापल्या जागी सुंदर आहेत. परंतु महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला नमुना शोधायला इतके लांब जाण्याची गरज नाही.

कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, उभे राहून वर पाहा. दगडी छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, स्तूपावर लाकडी छत्र आहे, आणि हे लाकूड सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहे. भाज्याच्या चैत्यगृहातही तशा फासळ्या आहेत, आणि तिथले खांब किंचित आत कललेले आहेत, कारण लाकडी इमारतीत खांबांना तसा कल देत असत. म्हणजे चैत्याची घोड्याच्या नालेसारखी कमान आणि वेदिकेची कठड्यासारखी पट्टी हे मुळात सुताराचे आकार आहेत. पाथरवटांनी ते दगडात उतरवले. आपण ते पुन्हा लाकडात आणतो, तेव्हा ते मूळच्या घरी येतात. माझ्या सुताराला हे फोटो दाखवल्यावर तो बराच वेळ वेदिकेकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “ताई, ह्या तर आमच्याच खाचा आहेत.” त्यानंतर त्याने कळसाचा विषय काढला नाही.

मला उपयोगी पडलेले नमुने आणि त्यांतले धोके असे:

चैत्यकमान. मूर्तीमागे ही सर्वांत शोभते. अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांचे दर्शनी भाग पाहावेत. कमान एकाच फळीतून कापून काढू नये. वळणाच्या जागी लाकडाचे रेषे आडवे येतात आणि तिथे ती सहज तुटते. तीन किंवा पाच तुकडे रेषांच्या दिशेने जोडून कमान करावी.

धम्मचक्र. आठ आरे अष्टांगिक मार्गाचे, चोवीस आरे अशोकचक्राचे. चोवीस आऱ्यांचे चक्र ६ इंचांपेक्षा लहान करण्याचा हट्ट धरू नका. तेवढ्या चक्रात दीड इंचाचा तुंबा (आरे जिथे जुळतात तो मधला गोल) धरला, तर तुंब्याजवळ दोन आऱ्यांच्या मध्यांत जेमतेम ५ मिलिमीटर अंतर राहते आणि आरे काडीसारखे मोडतात. लहान चक्राला आठच आरे द्यावेत. दुसरी चूक अशी की, बाहेरून मिळालेल्या चित्रावरून जहाजाच्या सुकाणूचे चक्र कोरले जाते, ज्याच्या कडेबाहेर मुठी आलेल्या असतात. मी असे दोन मंच पाहिले आहेत. चक्राची कड बाहेरून सलग गोल हवी, हे तोंडी न सांगता चित्रातच दाखवा.

पिंपळपान. बोधिवृक्षाच्या पानाचे लांब टोक हेच त्याचे सौंदर्य आहे आणि हेच टोक सर्वांत आधी तुटते. टोक लाकडाच्या रेषांच्या दिशेने यावे आणि उठावातच राहावे, फळीबाहेर मोकळे काढू नये.

कमळ, हरणांची जोडी, वेदिकेची पट्टी. ही निर्धोक आहेत. वेदिकेची पट्टी खालच्या पायरीच्या दर्शनी कडेला छान बसते.

काय नको, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहून द्या. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गणपती, ॐ आणि कळस नको असतात, हे सुताराने आपण होऊन ओळखावे अशी अपेक्षा ठेवू नका. स्वस्तिकाबाबत प्रश्न येईल. जुन्नरच्या लेण्यांत शिलालेखांजवळ ते दिसते, तरीही आमच्या घरी ते नको असे ठरले. आपण आपले ठरवा, पण सुताराच्या मर्जीवर सोडू नका. तथागतांची आकृती खणाच्या दर्शनी भागावर किंवा मंचाच्या पायांवर कोरू देऊ नये.

४. लाकूड निवडा

सागवान महाग असले तरी या कामासाठी मी तेच सुचवेन. ते कमी आकसते, कमी फुगते, गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, आणि पटाशीखाली ते स्वच्छ कापले जाते. विदर्भातल्यांना चंद्रपूर–गडचिरोलीचे सागवान जवळचे आहे. नागपुरात लकडगंज, पुण्यात भवानी पेठेतला टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड येथे लाकडाच्या वखारी आहेत. शिवण हलके आणि कोरायला सोपे असते. मूर्ती फार जड नसेल, तर ते चांगला पर्याय आहे. शिसम कणखर आणि देखणे असते, पण कोरायला वेळ जास्त घेते. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) केलेली ‘नक्षी’ मात्र घेऊ नये. तिला ओल लागली की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही.

जुन्या वाड्याच्या किंवा घराच्या तुळया मिळाल्या तर सोने समजा, कारण ते लाकूड अनेक वर्षे सुकलेले असते. फक्त त्यात मोडून राहिलेले खिळे आधी शोधून काढावे लागतात. आमच्या आजोबांच्या गावच्या घराची एक तुळई आम्ही मूर्तीच्या पायरीला वापरली.

फळी पाहताना सालीलगतचा पांढुरका भाग किती आहे ते बघा. त्याच भागाला किडा आधी लागतो, आणि रंग लावून तो भाग लपवता येतो. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र बहुतेक मोठ्या वखारींत असते. फळीचा ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी हवा.

लाकूड घनफुटात विकले जाते. हिशेब सोपा आहे: ६ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. आमच्या मंचाला साडेतीन घनफूट लाकूड आणले आणि त्यातले सुमारे एक घनफूट कापण्यात आणि रंध्यात गेले. ही घट धरूनच अंदाज मागा.

५. हातकाम ओळखा

‘हातकोरीव’ म्हणून संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर काढलेली नक्षी विकली जाते. यंत्राच्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही, पण हातकामाचे पैसे देऊन ते घेऊ नये. दोन सारखी फुले शेजारी ठेवून पाहा. हाताने कोरलेल्या दोन कमळांत पाकळीचा बाक किंचित वेगळा असतो. यंत्राच्या कामात दोन्ही तंतोतंत एक असतात, आतल्या कोपऱ्यांना सारखी गोलाई असते आणि तळाशी बारीक समांतर रेघा दिसतात. हातकामात कोपरा पटाशीने धारदार मिळालेला असतो, आणि तिरप्या उजेडात पटाशीचे छोटे छोटे चपटे ठसे बोटाला लागतात.

सुतार आणि कोरीव काम करणारा कारागीर हे अनेकदा दोन वेगळे लोक असतात. त्या दोघांना एकदा तरी एकत्र बसवा. नाही तर सुतार फळी पाऊण इंचाची करून ठेवतो आणि कारागिराला अर्धा इंच उठाव काढायचा असतो. तेवढ्या उठावाला फळी किमान सव्वा इंच लागते.

६. कागदपत्रे आणि साधने जमवा

कामाला सुरुवात होण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये ठेवाव्यात:

– मापांसह आराखडा: समोरून, बाजूने आणि वरून. त्यावर दोघांच्याही सह्या.
– नक्षीची पूर्ण आकारातली रेखाटने, आणि ‘नको’ असलेल्या चिन्हांची यादी.
– लाकडाचे बिल, त्यावर लाकडाचे नाव आणि घनफूट. सागवान दुसऱ्या जिल्ह्यातून येणार असेल, तर वनखात्याच्या वाहतूक परवान्याविषयी वखारवाल्याला आधीच विचारा.
– कामाचा करार: साध्या कागदावर चालेल. लाकूड, मजुरी, कोरीव काम आणि पॉलिश यांचे दर वेगवेगळे लिहिलेले असावेत.
– मूर्तीचे वजन आणि तळाचे माप. वजन घरच्या काट्यावर करून घ्या.
– मोजपट्टी, गुण्या (काटकोन तपासायला), पाणसळ (पातळी तपासायला) आणि एक टॉर्च.

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत: लाकडासाठी, पॉलिशआधीच्या तपासणीनंतर आणि मंच घरात बसल्यावर. शेवटचा हप्ता फार छोटा ठेवू नका.

काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढरट झाक येते आणि फळ्या फुगलेल्या अवस्थेत जोडल्या जातात. दिवाळीनंतर सुरुवात केल्यास १४ एप्रिलपूर्वी मंच घरी येऊ शकतो.

७. फळीला हलायला जागा ठेवा

दुकानातल्या त्या पहिल्या मंचाचा शेवट इथेच झाला. मे महिन्यात एका दुपारी बैठकीच्या खोलीतून टचकन आवाज आला. जाऊन पाहिले, तर मागच्या सलग फळीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्यातून मागच्या भिंतीचा पिवळा रंग दिसत होता. ती फळी चारही बाजूंनी फेविकॉल लावून आणि खिळे मारून चौकटीत पक्की केलेली होती. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड रुंदीत आकसते. त्याला आकसायला जागा मिळाली नाही, की ते फाटते.

उपाय जुनाच आहे. चौकटीला आतून खाच पाडून फळी त्या खाचेत सैल बसवावी, डिंक लावू नये, आणि दोन्ही बाजूंना थोडी फट ठेवावी. चौकटीचे सांधे मात्र कूस (एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ती बसण्याची खाच यांचेच हवेत, केवळ खिळ्यांचे नकोत. मूर्तीची पायरी पूर्ण एक इंच जाड असावी. दगडी मूर्ती असेल, तर तिच्या बरोबर खाली उभा आधार द्यावा.

८. ज्योतीचा विचार आधी करा

मंच लाकडाचा आहे आणि त्यावर रोज ज्योत पेटणार आहे, याचा आराखड्यात विचार न करणे ही मी पाहिलेली सर्वांत गंभीर चूक आहे. मेणबत्तीच्या बाजूला हात धरला तर उष्णता कमी लागते, पण ज्योतीच्या वर फूटभर अंतरावरही हवा चांगलीच तापलेली असते. म्हणून मेणबत्त्यांची पायरी मूर्तीच्या पुढे आणि खाली असावी, आणि तिच्या वर कमान, छत्र किंवा फळी काहीही येऊ नये. छत्र हवेच असेल, तर ते मागे, फक्त मूर्तीवर घ्यावे.

मेणबत्तीच्या जागी आम्ही ग्रॅनाइटची एक पट्टी पायरीत बसवून घेतली आहे, पायरीच्या पृष्ठभागापेक्षा जराशी खाली, म्हणजे मेण वाहून लाकडावर जात नाही. पितळी तबकही चालते. अगरबत्तीची राख पडण्याची जागा याच पट्टीवर यावी. फुलांचे तबक ज्योतीपासून वीतभर दूर असावे. मंचावर पांढरे वस्त्र अंथरत असाल, तर त्याची कड पट्टीच्या मागेच संपवा, आणि पडदा मंचाजवळ लावूच नका. घरात लहान मुले असतील, तर काडेपेटीच्या खणाला कुलूप हवे.

विजेची माळ किंवा पट्टी लावायची असेल, तर तिचा अ‍ॅडॅप्टर बंद खणात ठेवू नये.

९. पॉलिशपूर्वी एक सबंध सकाळ तपासणीला द्या

पॉलिश झाल्यावर दोष दिसत नाहीत. लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून केलेली लांबी (भरण्याचा लगदा) भरून मोठ्या फटीही बुजवता येतात. त्यामुळे मंच कच्चा असतानाच कारखान्यात जा. दिवसाच्या उजेडात आणि नंतर टॉर्च तिरपी धरून प्रत्येक सांधा पाहा. गुण्या लावून कोपरे तपासा, खण दहा वेळा उघडून बंद करा, आणि मूर्तीच्या वजनाइतके ओझे पायरीवर ठेवून पाणसळ लावा. नक्षीवर बोट फिरवा. लाकडाची बारीक काडी टोचली, तर पुढे तिथे पुसायचे फडके अडकणार हे नक्की.

पॉलिशसाठी लाख आणि स्पिरिट यांचे जुने फ्रेंच पॉलिश कोरीव कामावर सर्वांत सुंदर दिसते, कारण त्याचा थर पातळ राहतो. मात्र पाण्याचा थेंब आणि उष्णता त्याला सोसत नाहीत. म्हणून खालच्या पायरीला पीयू (पॉलियुरेथेनचे पॉलिश) आणि बाकी सर्व भागाला लाख, असे आम्ही केले. कोणी जवसाचे तेल लावणार असेल, तर तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

याच भेटीत कारागिराला मंचाच्या खालच्या बाजूला आपले नाव आणि वर्ष कोरायला सांगा. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट या गावच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख कोरलेला आहे. त्या लेखात सुताराला ‘वढकी’ म्हटले आहे, आणि आमच्या विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात. आमच्या वाढईने आधी संकोचाने नको म्हटले, मग तो लेख वाचून दाखवल्यावर त्याने नाव कोरले, आणि त्याखाली आपल्या वडिलांचेही.

१०. घरी आणल्यानंतर

मंच भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा, म्हणजे मागे हवा खेळते. उंच मंच असेल, तर वरच्या कडेला मागून दोन कोनपट्ट्या लावून तो भिंतीला बांधा. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण दोन आठवडे, त्यावर ज्योत लावू नका. आम्ही तेवढे दिवस वंदना जुन्या चौरंगावर केली आणि मग पौर्णिमेला भन्तेजींना बोलावून परित्राण पाठ झाल्यावर मूर्ती नव्या मंचावर नेली.

रोजच्या निगेला मऊ कुंचला पुरतो. अगरबत्तीची काजळी तेलकट असते. ती ओल्या फडक्याने पुसली, तर नक्षीच्या खाचांत चिकटून बसते, त्यामुळे आधी कोरड्या कुंचल्याने झाडावी. लाकडावर मेण सांडले तर ते घट्ट होऊ द्या आणि प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने अलगद उचला. लाखेच्या पॉलिशवर गरम इस्त्रीने मेण वितळवून काढण्याचा उपाय करू नका. सुकलेली फुले त्याच संध्याकाळी काढा, त्यांच्या देठांचे पाणी डाग पाडते. वर्षातून एकदा, आषाढ पौर्णिमेआधी, मंच पुढे ओढून मागची बाजू आणि पायांचे तळ टॉर्चने पाहा. पिठासारखी बारीक पूड दिसली तर किडा लागला आहे असे समजून लगेच वाढईला बोलवा.

आमच्या मंचाला आता तीन उन्हाळे झाले आहेत. मागची फळी मे महिन्यात दोन्ही बाजूंनी एका सुतळीइतकी आत सरकते आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा आपल्या जागी येते.